माणूस गेल्यावर उरलेली पत्रं आणि मेसेज: आधी काय वाचवायचं, मग काय जपायचं

पन्नास वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत पडून राहिलेली पत्रं आणखी सहा महिने निवांत थांबतात. गेलेल्या माणसाचा मोबाइल थांबत नाही. म्हणून घरातलं कुणी गेल्यावर त्याचं लिहिलेलं-बोललेलं जपायचं असेल, तर बहुतेक जण ज्या क्रमाने कामाला लागतात त्याच्या उलट जावं लागतं. आधी फोन, मग त्या पत्रांतली माणसं ओळखणारी म्हातारी मंडळी, आणि सगळ्यात शेवटी कागद. लोक आधी पत्रं स्कॅन करत बसतात. तोवर सिम बंद पडतं, आणि जिला सगळं ठाऊक होतं त्या आत्याला नावं आठवेनाशी होतात.

फोन: पहिल्या महिन्याभरात

तेराव्याच्या आत यातलं काही करू नका. पण तेवढ्या दिवसांत तीन गोष्टी होऊ देऊ नका. फोन एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही, तो ‘साफ करून’ भाच्याला वापरायला द्यायचा नाही आणि सिम बंद करण्याचा अर्ज द्यायचा नाही. घरातल्या एखाद्या उत्साही माणसाला नेमकं हेच काम सगळ्यात आधी सुचतं.

प्रीपेड सिमवरून ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली गेली, तर कंपनी ते बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि त्याने त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्या फोनवरचं खातं लॉगआउट होतं. म्हणून लहानातलं लहान रिचार्ज मारून ठेवा. व्हॉट्सॲपही १२० दिवस इंटरनेटला न लागलेलं खातं सहसा काढून टाकतं. तसं झालं की कुटुंबाच्या ग्रुपवर एके दिवशी अचानक ‘आई लेफ्ट’ अशी ओळ येते. ती वाचून भर ऑफिसात रडू आलेली माणसं मला माहीत आहेत. फोन अधूनमधून चार्ज करून वायफायला लावला तर हे टळतं, निदान घरातले सगळे तयार होईपर्यंत तरी.

फोनचा पिन माहीत नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. चुकीच्या प्रयत्नांनी फोन जास्त जास्त वेळ लॉक होत जातो, आणि काही आयफोनवर दहा चुकांनंतर सगळा मजकूर पुसला जाण्याची सोय चालू केलेली असते. शिवाय बहुतेक वेळा त्या फोनची गरजही नसते. बाबांनी तुम्हाला पाठवलेलं सगळं तुमच्या फोनवर आहे, बहिणीला पाठवलेलं बहिणीच्या. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून आपापला संवाद बाहेर काढायचा.

तो असा काढतात. व्हॉट्सॲपवर त्या माणसाचं चॅट उघडा. आधी ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ बंद आहे का ते बघा. ते चालू असेल तर मेसेज २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत आपोआप जातात, आणि चालू आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं. मग चॅटमध्ये मागे मागे जात, ज्या फोटोंवर आणि आवाजांवर अजून डाउनलोडचा बाण दिसतो ते सगळे उतरवून घ्या. हे कंटाळवाणं आहे आणि त्रासदायकही, कारण वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतात. घरातल्या जरा लांबच्या माणसाकडे, जावयाकडे किंवा मित्राकडे हे काम द्यायला हरकत नाही. त्यानंतर मेनूतून ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडा. मीडियासकट काढलं तर सर्वांत अलीकडचे १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय काढलं तर ४०,०००. दोन्ही प्रकारे एकेकदा काढा. एकात आवाज आणि फोटो मिळतील, दुसऱ्यात जुना मजकूर.

आवाजाच्या फाइलींकडे वेगळं लक्ष द्या. अँड्रॉइड फोनवर फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात गेलात की व्हॉइस नोट्सचं फोल्डर सापडतं. त्यात सगळ्यांचे आवाज एकत्र पडलेले असतात आणि फाइलच्या नावात तारीख असली तरी बोलणाऱ्याचं नाव नसतं. कुठला आवाज कुणाचा हे आत्ता ओळखू येतं, वीस वर्षांनी नातवंडांना येणार नाही. म्हणून हव्या त्या फाइली वेगळ्या काढून नावं द्या: ‘२०२२-१०-२४ आई, फराळ पोचला का’. या फाइली ‘ओपस’ नावाच्या प्रकारात असतात. मूळ फाइल तशीच राहू द्या आणि सोबत एमपीथ्री प्रत करून ठेवा, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाजेल.

एक मोह टाळा. ‘जेवलास का’, ‘पोचलास की कळव’, ‘बरं’ असले मेसेज काढून फक्त ‘महत्त्वाचं’ ठेवावं असं वाटतं. तसं करू नका. आईने शेकडो वेळा ‘जेवलास का’ विचारलं, तेच तर जपायचं आहे. सकाळी सकाळी येणारी फुलांची चित्रं आणि सुविचार मात्र खुशाल काढून टाका. जागा तेच खातात. एखाद्या महिन्याचे नमुन्याला ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल आपली आजी फारच गंभीर बाई होती.

ईमेल आणि गूगलवरचे फोटो जरा जास्त टिकतात, पण दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं कंपनी काढून टाकू शकते. पासवर्ड नसेल तर गूगलकडे मृत व्यक्तीच्या नातेवाइकांसाठी अर्जाची सोय आहे, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. हे वाचणारे तुम्ही जिवंत आहात, तर तुमच्या स्वतःच्या खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ (खातं वापरात राहिलं नाही तर ते कुणाला बघता यावं हे ठरवण्याची सोय) आजच भरून ठेवा. आयफोनवर हेच काम ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ करतो.

पत्रं आहेत कुठे?

आजी गेली म्हणून आजीची ट्रंक उघडता, आणि त्यात आजीचं एकही पत्र नसतं. साहजिक आहे. ट्रंकेत तिला *आलेली* पत्रं असतात. तिने लिहिलेली तिच्या माहेरी गेली. बहिणीकडे, मुंबईत खानावळीत जेवणाऱ्या नवऱ्याकडे, सासरी गेलेल्या मुलीकडे गेली. तेव्हा पत्रं जपायची म्हणजे आधी चार घरी फोन करायचे. मामांच्या माळ्यावर काय आहे, मावशीच्या देवघराखालच्या कप्प्यात काय आहे, ते विचारा. मूळ कागद मागू नका, तिथेच राहू द्या. नीट फोटो मागा किंवा जाऊन काढून आणा. मूळ मागितलं की लोक बिचकतात.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० मध्ये सुरू झाला, आणि समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या या बाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पोचल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. इतक्या लहान वयात गेलेल्या बाईचं बोलणं आज आपल्याला ऐकू येतं, त्यात पत्रं घेणाऱ्या माणसांनी ती टाकून दिली नाहीत याचा वाटा मोठा आहे. तुमच्या घरच्या कुणाची पत्रं अशीच कुणा ‘मावशी’कडे असतील.

मनीऑर्डरची कुपनं विसरू नका. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशाची एक चिंचोळी पट्टी असे, ती पैसे घेणाऱ्याकडे राही. कोकणातल्या कितीतरी घरांत मुंबईच्या चाकरमान्याचं हस्ताक्षर फक्त या पट्ट्यांवर उरलंय. ‘शेताला गडी लाव. पोरांना जप. पुढचे पैसे शिमग्याला.’ एवढ्या जागेत याहून जास्त मावत नाही. आणि हस्ताक्षर त्याचंच असेल असंही नाही. मुंबईच्या जीपीओसमोर पत्रं लिहून देणारे लोक बसत, आणि गावी तीच पत्रं पोस्टमन किंवा शाळेतला पोरगा वाचून दाखवी. अक्षर परकं आणि मजकूर घरचा, असं दिसलं तर गोंधळू नका.

ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारा

पत्रांचा गठ्ठा घेऊन घरातल्या सगळ्यात जुन्या माणसापाशी बसा, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करा. विचारून चालू करा. एकेक पत्र त्यांना वाचायला द्या. डोळ्यांनी होत नसेल तर तुम्ही वाचा. ‘बापूचं ते काम अजून झालेलं नाही’ यातला बापू कोण आणि काम कुठलं, हे कागदावर नाही, यांच्या डोक्यात आहे. एका बैठकीत आठ-दहा पत्रांच्या पुढे जाऊ नका. काही पत्रांवर म्हातारं माणूस गप्प होतं, तिथे ‘पुढे काय झालं’ असं खोदू नका. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आपणहून सांगतात.

सांगितलेलं कधीही मूळ पत्रावर लिहू नका. वेगळी वही करा किंवा संगणकावर तक्ता करा: पत्राचा क्रमांक, तारीख, कुणाकडून, कुणाला, कुठून कुठे, आणि शेवटचा रकाना मोठा ठेवून त्यात सांगणाऱ्याच्या नावासकट माहिती. ‘मोठी काकू म्हणते’ हे लिहाच, कारण धाकटी काकू नंतर वेगळं सांगणार आहे.

तारीख नसलेलं पत्र कसं वाचायचं

जुन्या पत्रांवर तारखेऐवजी ‘मिती’ असते किंवा नुसतं ‘गुरुवार’. शके दिलेलं असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं पत्र असेल तर ७९. पोस्टाचा शिक्का भिंगाखाली बघा, पाठवल्याचा आणि पोचल्याचा असे दोन शिक्के असू शकतात. तिकिटावर आणे असतील तर पत्र बहुधा १९५७ च्या आधीचं. नवे पैसे असतील तर १९५७ ते ६४ च्या आसपासचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे पत्त्यात तो दिसला की पत्र त्यानंतरचं. निळं आंतरदेशीय पत्र १९५० नंतरचंच. गोव्याहून आलेल्या पत्रावर पोर्तुगीज तिकीट असेल तर ते डिसेंबर १९६१ पूर्वीचं धरा. पत्ता ‘५६ ए.पी.ओ.’ असला तर पत्र फौजेतल्या माणसाचं आहे, आणि तो कुठे तैनात होता हे पत्त्यावरून कळू नये अशीच ती व्यवस्था आहे. ठिकाण शोधत वेळ घालवू नका, त्याच्या युनिटचं नाव शोधा.

मायन्यात तर खजिना आहे. ‘ती. रू.’ (तीर्थरूप) हे सहसा आई-वडिलांना, ‘ती. स्व.’ (तीर्थस्वरूप) इतर वडीलधाऱ्यांना. तेवढ्यावरून लिहिणारा मुलगा की पुतण्या याचा अंदाज बांधता येतो, सगळ्याच घरी ही शिस्त काटेकोर नसली तरी. ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारा साष्टांग नमस्कार घालतोय. ‘अ. उ. आ.’ लिहिणारा अनेक उत्तम आशीर्वाद देतोय, म्हणजे वयाने किंवा नात्याने मोठा आहे. आणि एखाद्या बाईच्या नावामागे एका पत्रात ‘सौ.’ आणि पुढच्या पत्रात ‘गं. भा.’ दिसलं, तर मधल्या काळात काय घडलं ते कुणी सांगावं लागत नाही. पत्रं क्रमाने लावताना हा बदल मला नेहमी सर्वांत जड जातो, कारण मजकूर पुष्कळदा नेहमीसारखाच असतो, आंबे पोचले आणि गाय व्याली.

मृत्यूची बातमी देणारं पत्र मात्र गठ्ठ्यात क्वचितच सापडेल. त्यावर वर ‘श्री’ नसे, कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि अनेक घरांत असं पत्र वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. ते मिळालं नाही म्हणून हरवलं असं समजू नका. त्याऐवजी त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतली सांत्वनाची पत्रं शोधा. कोण कसं गेलं, शेवटचं काय बोललं, हे त्यांत आडून आडून आलेलं असतं.

पणजोबांच्या काळातला मजकूर मोडी लिपीत असेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राज्याचं पुराभिलेख खातं यांच्याकडे चौकशी करा. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. घरगुती पत्रं त्यांना दाखवायला संकोच वाटू देऊ नका.

कागद

हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत करा. पावसाळ्यात गठ्ठा सोडायचाच नाही, कोकणात तर मुळीच नाही. हात धुऊन कोरडे करा, टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरा, चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा.

टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरबँड आधी काढा. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद सपाट धरून हळू सोडवा. आंतरदेशीय पत्र उलगडताना घड्यांवर फाटतं, तेव्हा ते जितकं सहज उघडेल तितकंच उघडा. त्याच्या आत दुमडलेल्या लहान पट्ट्यांवर, कडेने आडवं, शिक्क्याच्या बाजूला, जिथे जागा मिळाली तिथे लिहिलेलं असतं, आणि घाईत उघडताना फाटलेली पट्टी पुष्कळदा घडीतच अडकलेली असते. ती टाकू नका, त्यावर शेवटची ओळ असते.

आता करायचं नाही ते. लॅमिनेशन करू नका. उष्णता आणि गोंद कागदात कायमचे बसतात, ते परत निघत नाहीत. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा अक्षरात उतरतो. बाजारातल्या स्वस्त, उग्र वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका. फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं असेल तर रंगीत प्रत लावा. निळी शाई उजेडाने उडते, आणि शाईपेनाने लिहिलेलं पत्र ओल्या हाताच्या एका स्पर्शानेही पसरतं.

ठेवायचं कशात? आम्लमुक्त कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम. ती नाही मिळाली तर धुतलेलं, बिनरंगी, खळ नसलेलं सुती कापड. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवत, त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात, आणि ते कागद आजवर टिकलेत. पत्रं शक्यतो सपाट ठेवा, वर्षानुसार छोटे गठ्ठे करा, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला किंवा जमिनीला लागून ठेवू नका. वाळवी तिथूनच येते. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी पेटीच्या कोपऱ्यात ठेवायची जुनी रीत आहे. ठेवा, पण ती कागदाला चिकटून नको. डांबरगोळ्या टाळा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर दरवर्षी बदला.

पत्रं भिजली तर घाई करावी लागते, दोन दिवसांत बुरशी धरू शकते. उन्हात वाळवू नका. टीपकागदावर वेगवेगळी पसरून, पंखा थेट त्यांच्यावर न रोखता, सावलीत वाळवा. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. एका वेळी सगळं जमणार नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि थोडं थोडं काढून वाळवा. कोरडी बुरशी मऊ ब्रशने, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झटका.

स्कॅन आणि उतरवून काढणं

स्कॅनरवर ३०० डीपीआय पुरतं, फिकट किंवा बारीक अक्षराला ६०० घ्या. नेहमी रंगीत. काळ्या-पांढऱ्यात शाईचा रंग आणि अश्रूंचा किंवा तेलाचा डाग सारखेच दिसतात. दोन्ही बाजू, पत्ता, तिकीट, रिकामी वाटणारी मागची बाजू, सगळं घ्या. फोनने काढायचं असेल तर खिडकीपाशी, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, म्हणजे आपोआप क्रम लागतो: ‘१९७८-०६-१४ आजोबांकडून मावशीला, पान १’.

मजकूर टाइप करून ठेवलात तर शोधता येतो. पण शुद्धलेखन दुरुस्त करू नका. आजीने ‘तब्बेत’ लिहिलंय तर ‘तब्बेत’च. न लागलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने भरू नका.

कुणी वाचायचं, काय जाळायचं

पत्रांत प्रेम असतं तसं सासूचं वागणं, भावकीतली बाकी, न झालेलं लग्न हेही असतं. पहिल्या वर्षात काहीही नष्ट करू नका. त्या वर्षात माणूस रागाने किंवा भक्तीने निर्णय घेतो, आणि दोन्ही वाईट. दुखावणारी पत्रं पाकिटात बंद करून वर लिहा: ‘काकू हयात असेपर्यंत उघडू नये’. एक अपवाद. गेलेल्या माणसाने स्पष्ट सांगितलं असेल की माझी अमुक पत्रं जाळा, तर जाळा, आणि जाळण्याआधी गुपचूप स्कॅन करू नका. इतिहासाचं नुकसान होतं असं म्हणणारे भेटतील, म्हणू द्या.

मूळ पत्रांवरून भावंडांत भांडणं होतात. कुणा एकाकडे मूळ, सगळ्यांकडे स्कॅन, आणि कुणाकडे काय आहे त्याची एकच यादी, एवढं ठरवलं की बहुतेक वाद मिटतात. कुठे छापायचं किंवा फेसबुकवर टाकायचं असेल तर ध्यानात ठेवा: कागद घेणाऱ्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो. त्यांना विचारा, आणि ज्यांचा उल्लेख आहे ते जिवंत असतील तर त्यांनाही.

प्रती, आणि वर्षातून एकदा

सगळ्याच्या तीन प्रती हव्यात: एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्हवर एकट्यावर भरवसा नको. पितृपक्षात तसंही त्या माणसाची आठवण निघते, तेव्हा हार्ड डिस्क जोडून चार-दोन फाइली उघडून बघा आणि एखादा आवाज वाजवून बघा. हवा दमट असते म्हणून कागदाची पेटी मात्र त्या दिवसांत उघडायची नाही. डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की नवी घेऊन सगळं तिच्यावर उतरवा, आणि पासवर्ड घरातल्या पुढच्या पिढीच्या एका माणसाला माहीत असू द्या.